ज्येची भावना

अकरावीच्या गणितात दोन कोनांच्या बेरजेचे सूत्र येते. पहिल्याचा साइन गुणिले दुसऱ्याचा कोसाइन, त्यात पहिल्याचा कोसाइन गुणिले दुसऱ्याचा साइन मिळवला की बेरजेच्या कोनाचा साइन हाती येतो. मग ७५ अंशांचा साइन काढा, १५ अंशांचा काढा, डावी बाजू बरोबर उजवी बाजू सिद्ध करा, अशी उदाहरणे होतात आणि धडा संपतो. ज्याने हे सूत्र पाठ केले त्याला वाटते की ते अशा उदाहरणांसाठीच जन्माला आले. पण हे सूत्र ज्योतिषी वापरत ते कोष्टके बांधण्यासाठी. ग्रह आज कुठे आहे आणि ग्रहण कधी लागेल हे सांगायला ती कोष्टके हाताशी लागत. शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० साली, सह्याद्रीच्या आश्रयाला असलेल्या विज्जलविड गावच्या ३६ वर्षांच्या एका ज्योतिषाने ते आपल्या ग्रंथात नोंदवले आणि त्याला एक नाव दिले : भावना. बेरजेची ती समासभावना, वजाबाकीची ती अंतरभावना. हे ज्योतिषी म्हणजे भास्कराचार्य, ग्रंथ सिद्धान्तशिरोमणी आणि त्यातले प्रकरण ज्योत्पत्ती. माझे म्हणणे असे की हे नाव सहज सुचलेले नाही. भास्कराचार्य या सूत्रापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचले याची खूण त्या नावात आहे, आणि ती वाट भूमितीची नव्हती, बीजगणिताची होती.

आधी ज्येची ओळख करून घेऊ. वर्तुळाचा चाप म्हणजे धनुष्य, त्याला बांधलेली दोरी ती जीवा आणि तिचा अर्धा भाग ती अर्धज्या. पुढे ‘अर्ध’ गळून पडले आणि नुसती ज्या उरली. आजचा साइन म्हणजे या ज्येला त्रिज्येने भागून येणारी संख्या. शाळेतली मराठी मुले वर्तुळाच्या केंद्रापासून परिघापर्यंतच्या रेषेला त्रिज्या म्हणतात, पण या शब्दात केंद्राचाही उल्लेख नाही आणि परिघाचाही. तीन राशींची, म्हणजे ९० अंशांची ज्या, ती त्रिज्या. ज्योतिषाचा शब्द भूमितीच्या वहीत आला आणि तिथेच स्थिरावला. आर्यभटांनी इ. स. ४९९ च्या सुमारास परिघाच्या, अंशाला ६० अशा, २१,६०० कला धरून त्रिज्या ३,४३८ कलांची घेतली आणि वर्तुळाच्या पावभागाचे २४ तुकडे करून प्रत्येक २२५ कलांनंतर एक, अशा २४ ज्या दिल्या. ग्रहाचे मंदफळ, दिनमानातला चराचा फरक, ग्रहणातले लंबन यांपैकी कोणताही हिशेब या २४ आकड्यांवाचून पुढे सरकत नसे. भास्कराचार्य तर ज्योत्पत्तीच्या आरंभीच बजावतात की ज्योत्पत्ती ज्याला येत नाही त्याला आचार्यपद मिळत नाही.

कोष्टक २४ आकड्यांवरच का थांबले, याला कारण आहे. ३० अंशांची ज्या त्रिज्येच्या निम्मी आणि ४५ अंशांची पायथागोरसच्या प्रमेयाने मिळते. अर्ध्या कोनाची ज्या काढण्याचा नियम वराहमिहिरांच्या काळापासून ठाऊक होता. तो लावत गेले की ३० वरून १५, मग साडेसात, मग पावणेचार अंश. ९० अंशांतून उरणाऱ्या कोनांना तोच नियम लावला की पावणेचार अंशांच्या टप्प्यांनी सगळे कोष्टक भरते. मधल्या अंशांची ज्या हवी असेल तर दोन शेजाऱ्यांमध्ये त्रैराशिकाने अंदाज घ्यायचा. भास्कराचार्यांनी या साठ्यात १८ आणि ३६ अंशांच्या अचूक ज्या आणल्या. १८ अंशांसाठी त्रिज्यावर्गाला पाचाने गुणून मूळ घ्यायचे, त्यातून त्रिज्या वजा करायची आणि चाराने भागायचे. पण १८ आणि १५ दोन्ही हाताशी असूनही त्यांतून तीन अंशांची ज्या काढता येत नाही, जोवर दोन चापांची वजाबाकी करायचा नियम नाही. निम्मे करण्याने गाडे ठरावीक थांब्यांवरच उभे राहते. हव्या त्या ठिकाणी थांबायचे तर बेरीज-वजाबाकी हवी.

भास्कराचार्यांचा नियम सांगताना चापाची ज्या ती भुजज्या आणि ९० अंशांतून उरणाऱ्या चापाची ज्या ती कोटिज्या. नियम असा : दोन्ही चापांच्या भुजज्या एकमेकांच्या कोटिज्यांनी तिरप्या गुणाव्या आणि प्रत्येक गुणाकार त्रिज्येने भागावा. दोन्ही भागाकारांची बेरीज ही चापांच्या बेरजेची ज्या आणि फरक ही चापांच्या फरकाची ज्या. आर्यभटांच्याच कोष्टकावर हे पडताळून पाहता येते. ३० अंशांची भुजज्या १,७१९ आणि कोटिज्या २,९७८. १५ अंशांची भुजज्या ८९० आणि कोटिज्या ३,३२१. पहिला तिरपा गुणाकार १,७१९ गुणिले ३,३२१. तो ३,४३८ ने भागायचा, आणि १,७१९ ही त्रिज्येच्या बरोबर निम्मी असल्याने उत्तर येते १,६६०.५. दुसरा गुणाकार ८९० गुणिले २,९७८, म्हणजे २६,५०,४२०. भागून मिळतात सुमारे ७७०.९. बेरीज २,४३१.४ आणि कोष्टकात ४५ अंशांपुढे २,४३१. फरक ८८९.६ आणि कोष्टकात १५ अंशांपुढे ८९०. पूर्णांकांत गुंडाळलेले आकडे घेऊनही उत्तर अर्ध्या कलेच्या आत येते.

आता नावाकडे वळू. भावना हा शब्द भास्कराचार्यांनी घडवला नाही. ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात वर्गप्रकृती नावाचा विषय मांडला. एखाद्या संख्येचा वर्ग एका ठरलेल्या संख्येने गुणून त्यात काही मिळवले असता पुन्हा पूर्ण वर्ग कधी होतो, असा हा प्रश्न. गुणणारी संख्या ती प्रकृती, मिळवलेला आकडा तो क्षेप, पहिले मूळ कनिष्ठ, दुसरे ज्येष्ठ. प्रकृती २ आणि क्षेप १ असेल तर कनिष्ठ २ आणि ज्येष्ठ ३ चालतात, कारण दोनाचा वर्ग दुप्पट करून एक मिळवला की नऊ होतात. ब्रह्मगुप्तांचा शोध असा की हाती दोन उत्तरे असली तर त्यांच्या संगतीने तिसरे घडवता येते. एकाचे कनिष्ठ दुसऱ्याच्या ज्येष्ठाने आणि दुसऱ्याचे कनिष्ठ पहिल्याच्या ज्येष्ठाने गुणायचे. या तिरप्या गुणाकाराला वज्राभ्यास म्हणतात. दोन्हींची बेरीज नवे कनिष्ठ. दोन्ही कनिष्ठांचा गुणाकार प्रकृतीने गुणून त्यात दोन्ही ज्येष्ठांचा गुणाकार मिळवला की नवे ज्येष्ठ. क्षेपांचा होतो गुणाकार. वरचेच उत्तर स्वतःशी जुळवले की कनिष्ठ येते १२ आणि ज्येष्ठ १७. बाराचा वर्ग १४४, दुप्पट २८८, त्यात एक मिळवला की २८९, म्हणजे सतराचा वर्ग. ही भावना. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथभागात तिचे समासभावना आणि अंतरभावना असे दोन्ही प्रकार येतात. याच यंत्राला चक्रवाल नावाच्या पद्धतीची जोड देऊन त्यांनी ६१ या कुप्रसिद्ध प्रकृतीचे उत्तर काढले. त्यातले ज्येष्ठ मूळ १,७६,६३,१९,०४९ इतके आहे.

भुजज्या, कोटिज्या आणि त्रिज्या यांचा काटकोन त्रिकोण होतो, म्हणून त्रिज्येच्या वर्गातून भुजज्येचा वर्ग वजा केला की कोटिज्येचा वर्ग उरतो. हेच वाक्य वर्गप्रकृतीच्या भाषेत सांगायचे तर प्रकृती ऋण एक, कनिष्ठ भुजज्या, ज्येष्ठ कोटिज्या, क्षेप त्रिज्येचा वर्ग. दोन चाप म्हणजे एकाच प्रकृतीची आणि एकाच क्षेपाची दोन उत्तरे. त्यांची भावना केली की वज्राभ्यासांची बेरीज नवे कनिष्ठ होते. क्षेप मात्र त्रिज्यावर्ग गुणिले त्रिज्यावर्ग झाला. तो पुन्हा त्रिज्यावर्गावर आणायचा तर बीजगणितातलाच दुसरा नियम सांगतो की क्षेपाला ज्या वर्गाने भागाल त्याच्या मुळाने दोन्ही पदांना भागा. म्हणजे त्रिज्येने भागा. ज्योत्पत्तीतल्या नियमाची तिन्ही अंगे, तिरपा गुणाकार, त्रिज्येने भागाकार, आणि बेरीज किंवा फरक, इथे एकही खिळा वेगळा न ठोकता जागच्या जागी बसतात. ज्येष्ठाचे काय होते तेही पाहावे. प्रकृती ऋण असल्याने दोन कोटिज्यांच्या गुणाकारातून दोन भुजज्यांचा गुणाकार वजा होतो आणि आजचे विद्यार्थी ज्याला बेरजेच्या कोसाइनचे सूत्र म्हणतात तेच पुढे येते. वजाचे चिन्ह तिथे का आहे, हे ज्यांना कधी उलगडले नाही त्यांनी प्रकृतीचे ऋणत्व आठवावे.

यावर आक्षेप येतीलच. पहिला असा की भावना म्हणजे शेवटी संयोग. दोन गोष्टी एकत्र आल्या की कुणीही तो शब्द वापरेल, त्यात एवढे काय शोधायचे. पण वर्गप्रकृतीची भावना ही कोणतीही जुळणी नव्हे, तिला तिरप्या गुणाकाराचा ठरलेला साचा आहे, आणि ज्योत्पत्तीच्या नियमातही तोच साचा आहे. तो साचा बीजगणितात स्वतः शिकवणाऱ्या माणसाने, आपल्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात, समास आणि अंतर अशा त्याच जोडनावासह तो शब्द वापरला. याला योगायोग म्हणायचे तर फार ओढून म्हणावे लागेल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रकृती ऋण असू शकते ही कल्पना आपली आजची, ती बाराव्या शतकाच्या डोक्यात घालू नये, असे कुणी म्हणेल. याला खुद्द बीजगणितातच उत्तर आहे. भास्कराचार्यांनी तिथे विद्यार्थ्याला उदाहरण घातले आहे की कोणता वर्ग ऋण पाचाने गुणून त्यात २१ मिळवले असता पुन्हा वर्ग होतो. कनिष्ठ १ घेतले तर ज्येष्ठ ४, आणि कनिष्ठ २ घेतले तर ज्येष्ठ १. ज्याने ऋण पाच प्रकृती शिष्यांना शिकवली, त्याला ऋण एक सुचली नसेल हे पटत नाही.

तिसरा आक्षेप असा की वर्गप्रकृतीत पूर्णांक शोधायचे असतात. ज्या तर अपूर्णांकांनी आणि करणींनी भरलेल्या. हे खरे आहे, पण तो शोधाचा हेतू झाला. भावनेचा नियम संख्या पूर्ण आहे की अपुरी हे विचारत नाही. तिरपे गुणाकार कशाचेही करता येतात. चौथा आक्षेप मी पूर्ण खोडून काढू शकत नाही. भास्कराचार्यांनी या नियमाची सिद्धता लिहून ठेवलेली नाही, आणि ज्या श्लोकांत नियम आहे ते भुजज्येविषयी बोलतात. पुढच्या पंडितांनी सिद्धता दिल्या त्यात भूमितीचा हात मोठा आहे. तेव्हा भास्कराचार्यांच्या मनात आधी आकृती आली की आधी समीकरण, याचा लेखी साक्षीदार नाही. मात्र सिद्धता आणि शोध या दोन गोष्टी नेहमी एकाच वाटेने येत नाहीत. शिष्याला पटवून देण्यासाठी जमिनीवर वर्तुळ काढणे सोपे. म्हणून टीकाकारांनी वर्तुळ काढले. नाव मात्र मूळ ग्रंथकाराचे राहिले, आणि ते बीजगणितातून आले आहे.

अग्रमानाचा प्रश्न यात मिसळू नये, कारण तिथे निकाल स्पष्ट आहे. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने इ. स. १५० च्या सुमारास, भास्कराचार्यांच्या हजार वर्षे आधी, वर्तुळात बसवलेल्या चौकोनाच्या प्रमेयावरून दोन चापांच्या फरकाची जीवा काढली. पंचकोनाच्या ७२ अंशांतून षटकोनाचे ६० वजा करून १२, मग निम्मे करत ६, ३, दीड आणि पाऊण अंश, असा तो खाली उतरला आणि अर्ध्या-अर्ध्या अंशाचे कोष्टक त्याने तयार केले. जीवेऐवजी थेट अर्धज्येचे बेरीजसूत्र दहाव्या शतकात बगदादच्या अबुल वफाकडे आहे. तेव्हा हे सूत्र जगात पहिल्यांदा सह्याद्रीत सापडले असे म्हणणे हा अभिमान नव्हे, अज्ञान आहे. पण टॉलेमीच्या चौकोनातून भावना हे नाव निघत नाही. एकाच शिखरावर दोन बाजूंनी चढता येते, आणि दुसऱ्या बाजूची पायवाट इथे दिसते आहे. इतिहासाला याचे मोल पहिल्या क्रमांकाहून कमी नसावे.

या सूत्राचा उपयोग भास्कराचार्यांनी कसा केला ते पाहण्यासारखे आहे, कारण हिशेबनिसाची सफाई तिथे दिसते. १८ मधून १५ वजा करून तीन अंश मिळतात, पण तिनावरून एकावर उतरायला कोनाचे तीन समान भाग करावे लागतात आणि तिथे वर्ग-वर्गमुळांची शिडी संपते. टॉलेमीने पाऊण आणि दीड अंशांच्या जीवांमध्ये एक अंशाची जीवा चिमटीत पकडली. भास्कराचार्यांचा नियम असा की कोणत्याही चापाची ज्या स्वतःच्या ६,५६९ व्या भागाने कमी करावी, कोटिज्या दहाने गुणून ५७३ ने भागावी, आणि दोन्ही मिळवल्या की एक अंश पुढची ज्या आली. हे ५७३ कुठून आले? ५७३ च्या सहापट ३,४३८. म्हणजे दहा भागिले ५७३ हे साठ भागिले त्रिज्याच आहे, आणि एक अंशात कला असतात साठच. एवढ्या लहान चापात धनुष्य आणि दोरी यांत फरक धरायचे कारण नाही, असे सरळ मानून एक अंशाची ज्या ६० घेतली. ६,५६९ ही संख्या वरवर विचित्र दिसते, पण त्रिज्यावर्गातून साठाचा वर्ग वजा करून मूळ घेतले की कोटिज्या त्रिज्येपेक्षा जवळजवळ तेवढ्या भागाने कमी भरते. मग समासभावना एकदा लावा, एक अंश. पुन्हा लावा, दोन. अशा ९० ज्या. शून्यापासून तीस पावले याच नियमाने चालत गेलो तर ३० अंशांवर येणारी चूक एका कलेच्या विसाव्या भागाहूनही कमी राहते. २४ ज्यांच्या जुन्या कोष्टकासाठी त्यांनी असाच दुसरा नियम दिला : ज्येतून तिचा ४६७ वा भाग वजा, आणि कोटिज्या १०० ने गुणून १,५२९ ने भागलेली मिळवायची. हिशेब मांडला की दिसते, पहिली ज्या २२५ नव्हे, २२४.८५३ धरली आहे. आर्यभटांचा गोल आकडा त्यांनी बिनबोभाट दुरुस्त केला.

ग्रंथात नियम असला तरी तो कुणी वाचला का, हा शेवटचा प्रश्न. केरळात चौदाव्या-पंधराव्या शतकात माधवांनी हाच नियम ‘जीवेपरस्परन्याय’ या नावाने सांगितला; १६ व्या शतकातल्या युक्तिभाषा या मल्याळम ग्रंथात त्याची भूमितीय सिद्धता सविस्तर आहे. इकडे काशीत सतराव्या शतकात दोन ज्योतिषी घराणी नांदत होती आणि दोघांचीही मुळे दक्षिणेत : मुनीश्वरांचे पूर्वज विदर्भातल्या पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे, तर कमलाकरांचे गोदावरीकाठच्या गोलग्रामचे. दोघांचे आपसांत हाडवैर. मुनीश्वरांनी सिद्धान्तशिरोमणीवर मरीची टीका लिहिली, कमलाकरांनी १६५८ मध्ये सिद्धान्ततत्त्वविवेक रचला, आणि ज्योत्पत्तीची भावना दोघांनीही उलगडली. भांडणातही सूत्र दोघांना सामाईक होते. पुढे पुण्यात जन्मलेले बापूदेव शास्त्री काशीच्या संस्कृत पाठशाळेत शिकवू लागले आणि लान्सलॉट विल्किन्सन यांनी केलेला गोलाध्यायाचा इंग्रजी अनुवाद त्यांनी तपासून दिला, तो १८६१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ज्योत्पत्तीही इंग्रजीत गेली.

पण वाचकांची सर्वांत जुनी नोंद घराजवळचीच आहे, चाळीसगावजवळच्या पाटण गावी. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणलेल्या तिथल्या शिलालेखानुसार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी होता, आणि आजोबांचे सिद्धान्तशिरोमणी व इतर ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने तिथे मठ स्थापला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिले, ते १२०७ सालच्या चंद्रग्रहणाच्या वेळी. लेखाचा बराच भाग संस्कृत आहे, शेवटच्या ओळी मात्र तेव्हाच्या मराठीत आहेत, कारण त्या बाजारकऱ्यांसाठी लिहिल्या आहेत. त्यांत ज्या नाहीत, कोटिज्या नाहीत. गावात जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागे मठाला पळीभर तेल द्यायचे होते, आणि पाटणच्या बाजारात जे काही मोजायचे ते मठाच्या मापाने मोजायचे होते.